मोचे मडक्याच्या आतली बोटे

अमेरिकेतील एका संग्रहालयाच्या जतन-प्रयोगशाळेत मी मातीच्या वस्तूंचे काम पाहते. नव्या प्रदर्शनाआधीच्या तपासणीसाठी एके दिवशी पेरूच्या उत्तर किनाऱ्यावरील मोचे लोकांनी घडवलेले एक पात्र माझ्याकडे आले. ते एका पुरुषाचे मस्तक होते. त्याच्या डोक्यातून दोन वक्र नळ्या वर येऊन एका तोटीत मिळत होत्या. नोंदवहीत त्यावर ‘अखंड’ असा शेरा होता.

अतिनील दिव्याखाली धरताच नळ्यांचा बुंधा निळसर पांढरा चमकू लागला. भाजलेली माती अशी चमकत नाही, गोंद आणि नवा रंग चमकतात. क्ष-किरणांनी उरलेली शंका फेडली. मस्तकाच्या मातीत बारीक, तर नळ्यांच्या मातीत भरड कण होते आणि दोहोंमध्ये प्लास्टरचा थर होता. तोटी दुसऱ्याच मडक्याची होती. थडगी उकरून माल विकणाऱ्यांच्या बाजारात तुटक्या पात्राला भाव येत नाही, म्हणून कोणीतरी दोन मडक्यांचे एक केले होते. थडगे कुठले आणि पात्राशेजारी काय ठेवले होते, ही माहिती त्या लुटीत कायमची गेली, आणि मला राग आला तो जोडकामापेक्षा याचा.

गोंद मऊ करून तोटी सोडवल्यावर उघड्या पडलेल्या भोकातून मी बारीक कॅमेरा आत सोडला. बाहेरून चेहरा आरशासारखा घोटलेला होता, पण आतून कानांमागे वरून खाली एक ओबडधोबड सांधा गेला होता आणि त्याच्या दोन्ही बाजूंना बोटांचे दाब एकाशेजारी एक उमटले होते. काही ठिकाणी त्वचेच्या रेषाही स्पष्ट दिसत होत्या. भाजलेल्या मातीच्या दोन भागांच्या साच्यात ओली माती आतून दाबत, मग दोन्ही अर्धे जोडत हे मस्तक घडले होते. कुंभार म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे चाक येते. युरोपीय लोक येण्यापूर्वी अमेरिका खंडांत कुंभाराचे चाक वापरात नव्हते, आणि तरीही हे काम इतके नेमके आहे.

इसवी सनाच्या पहिल्या ते आठव्या शतकांच्या दरम्यान मोचे लोक वाळवंटातील नदीखोऱ्यांत कालवे काढून शेती करीत. आजच्या त्रुहियो शहराजवळच्या त्यांच्या नगरात, जिथे आजही सूर्य आणि चंद्र यांच्या नावाने ओळखले जाणारे कच्च्या विटांचे दोन प्रचंड वास्तुपुंज उभे आहेत, उत्खननात कुंभारांची कार्यशाळाही सापडली. लिपी नसलेल्या या समाजाने माणसे मातीत नोंदवली: वरच्या ओठावर व्रण असलेला एक पुरुष तर बालपणापासून प्रौढ वयापर्यंत अनेक पात्रांवर ओळखता येतो. अशा कामाला ‘आदिम कला’ म्हणणे मला मुळीच पटत नाही.

तोटी परत चिकटवावी, असा आग्रह प्रदर्शन विभागातून झाला. तिच्यावाचून पात्र अपुरे दिसेल, हे त्यांचे म्हणणे खरेही होते. मी नकार दिला आणि आमच्या पेरूच्या सहकारी बाईंनी मला साथ दिली. शेवटी मस्तक तोटीविना मांडले, शेजारी आतल्या सांध्याचे छायाचित्र लावले, आणि तोटीला स्वतंत्र नोंद क्रमांक देऊन ती दुसऱ्या पेटीत ठेवली.