वेल्समधला आजारभत्ता आणि आपली बेळगावची उद्यमबाग

इथल्या एका मराठी मित्रानं परवा म्हटलं, "आपण टॅक्स भरायचा आणि हे लोक आजारी म्हणून घरी बसून खाणार." माझं डोकंच फिरलं. मी ब्रिटनमधल्या साउथ वेल्समध्ये राहतो, इथं 1980 नंतर कोळशाच्या खाणी एकामागून एक बंद पडल्या आणि पाठ, गुडघे, छाती गेलेले हजारो कामगार अपंगत्वाच्या भत्त्यावर गेले. खाण चालू असती तर त्यातल्या कितीतरी जणांना हलक्या कामावर सांभाळून घेतलं असतं, पण खाण गेल्यावर असल्या माणसाला नोकरी कोण देणार सांगा?

आणि अलीकडचा हिशोब बघा. 2025-26 मध्ये 25 वर्षांवरच्या एकट्या बेकार माणसाला युनिव्हर्सल क्रेडिटचे, म्हणजे इथल्या सरकारी भत्त्याचे, महिन्याला 400 पौंड मिळायचे, घरभाड्याचं वेगळं. तपासणीत कामाला असमर्थ ठरला तर वर आणखी 423. म्हणजे दुप्पटच की! त्या 400 मध्ये वीज, गॅस, खाणं, बसभाडं भागवून दाखवा. मूळ रक्कम 2016 पासून चार वर्षं सरकारनंच गोठवलेली, मग ज्याची पाठ खरंच दुखतेय तो अर्ज करणारच, यात लबाडी कसली? बायकांचं पेन्शनचं वय 60 वरून 66 वर नेलं, मग जन्मभर लाद्या पुसलेली बाई बासष्टाव्या वर्षी कुठं जाणार? आता एप्रिल 2026 पासून बहुतेक नव्या अर्जदारांना ती वरची रक्कम जवळजवळ निम्मीच.

मित्र म्हणाला, आपली माणसं कंबर धरून का होईना काम करतात. करतात, माझ्या वडिलांनी उद्यमबागेत, बेळगावच्या त्या औद्योगिक वसाहतीत, फौंड्रीत तसंच केलं आणि मला त्याचा अभिमान आहे. पण दुसरा रस्ता होता कुठं? ईएसआयमध्ये, म्हणजे कामगारांच्या सरकारी विम्यात, आजारपणाला पगाराच्या 70 टक्के, तेही वर्षात 91 दिवस, आणि पगार महिना 21,000 रुपयांच्या आत असेल तरच. कंत्राटी माणसाचं नाव त्यात घातलेलं असलं तर नशीब. बेळगावातल्याच शहापूर-वडगावात घरच्या घरी माग चालवणाऱ्याला तर तेवढंही नाही. आपल्याकडं अर्ज वाढत नाहीत कारण अर्ज करायला खिडकीच नाही, लोक काटक आहेत म्हणून नव्हे.

म्हातारपणी आई-वडिलांना सोडून गेला असं गावात म्हणतात मला, म्हणू देत. वडिलांच्या कंबरेचा भत्ता कुणीच दिला नाही, तो मी इथून दर महिन्याला पाठवतो, आणि इथं टॅक्स कापला जातो त्याचंही मला वाईट वाटत नाही.