दोन आण्यांचा अंदाज

ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदललेत. तालुक्याच्या गावी ब्लाउज शिवणाऱ्या बाई. कित्येक दिवस मशीनला हात लावला नव्हता. आधी कुणीतरी ‘टेन्शन’ म्हणून अल्प्राझोलाम ही मन शांत करणारी गोळी आणि बी-कॉम्प्लेक्स लिहून दिलेलं. आमच्या भागात नैराश्याचे निम्मे उपचार इथेच संपतात. मी एस्सिटालोप्राम हे नैराश्यावरचं औषध १० मिलिग्रॅम सुरू केलं.

नैराश्य मोजणारी प्रश्नावली भरून घेतोच, पण ओपीडीच्या गर्दीत माणसं कशालाही मान डोलावतात. म्हणून मी आणे विचारतो. “ताई, बरं होण्याची शक्यता रुपयात किती आणे?”

“दोन.”

पहिल्याच औषधाने साधारण निम्म्या लोकांना चांगला फरक पडतो, असं सांगितलं. “आता किती?”

“दोनच.”

मग म्हटलं, गोळी मध्येच सोडली तर आजार उलटतो. लगेच, “एक धरा.”

निरोगी माणूस चांगली बातमी पटकन उचलतो, वाईट कानाआड करतो, आणि त्याच जोरावर कर्ज काढतो, लग्न ठरवतो. नैराश्यात हा कल नाहीसा होतो. बाईंचा तर उलटाच झालेला.

चौथ्या आठवड्यात आल्या. “काही फरक नाही हो, डॉक्टर.” झोप सुधारलेली, बाकी प्रश्नावलीतले गुण जवळपास तेच. कागदाप्रमाणे डोस वाढवायचा. तेवढ्यात नवरा म्हणाला, “मग तुळशीच्या लग्नानंतरच्या ऑर्डरी कशा घेतल्यास?”

“गिऱ्हाईक ऐकेना,” बाई ओशाळल्या. आणे विचारले. “सहा.” आजार उलटण्याची गोष्ट मुद्दाम पुन्हा सांगितली. सहाचे पाच झाले, खाली उतरेनात.

औषधांना दाद न देणाऱ्या रुग्णांना केटामाइन हे भुलीचं औषध दिल्यावर चार तासांतच त्यांचे अंदाज चांगल्या बातमीकडे झुकू लागले, असं पॅरिसच्या संशोधकांनी २०२२ साली मांडलं. माझी गोळी वेगळी, आणि एका बाईंवरून काही सिद्ध होत नाही. झोप असेल, गिऱ्हाइकाचा हट्ट असेल. पण मन अजून जड असताना पुढच्या दिवसांवरचा भरवसा आधी कसा परतला, हे डोक्यातून जात नाही. आमच्या प्रश्नावल्या मागच्या दोन आठवड्यांचंच विचारतात, तिथे हे सापडायचं कसं?

या टप्प्यावर कधीकधी अंगात बळ आधी येतं, निराशा मागे रेंगाळते, ते धोक्याचं. म्हणून मरणाचे विचार सरळ विचारले. नव्हते. डोस तोच ठेवून दोन आठवड्यांनी बोलावलं.

गोळी कधी बंद, हा नवऱ्याचा प्रश्न. बरं वाटल्यावरही किमान सहा महिने, म्हटल्यावर त्याचा चेहरा पडला. बाई बोटांवर महिने मोजत होत्या. “म्हणजे लग्नसराईभर चालणार,” म्हणाल्या, आणि पुढची चिठ्ठी मागितली.