सहीखालची ओळ

जूनमधला गुरुवार. सकाळी साडेनऊला मॅडमचा फोन. "अरे, मोकळा आहेस का? मला बहुतेक जर्मनीत वाळीत टाकलंय."

मॅडम म्हणजे माझ्या जर्मनच्या मॅडम. वीस वर्षांपूर्वी त्यांच्या वर्गात मी डेटिव्ह विभक्तीपर्यंत पोचलो आणि तिथेच कायमचा थांबलो. त्यांचं भाषांतराचं काम अजून जोरात आहे: यंत्रांची माहितीपुस्तकं, पेटंटं, करारनामे. आडनावाचं डोमेन त्यांनी २००८ सालीच घेतलं, तेव्हापासून कार्डावर तोच पत्ता. वेबसाइट मी करून दिलेली. त्यामुळे प्रिंटरमध्ये कागद अडकला तरी फोन मलाच येतो.

प्रभात रोडला पोचलो तर डायनिंग टेबलावर लॅपटॉप, शेजारी गार झालेला चहा. प्रकार असा होता. जर्मनीतल्या एका यंत्रकंपनीने मोठ्या कामाचं दरपत्रक मागवलं होतं. मॅडमनी तीन मेल केले, एकाचंही उत्तर नाही. आदल्या संध्याकाळी तिथल्या खरेदी विभागातल्या बाईंनीच फोन करून विचारलं की तुम्हाला या कामात रस नाही का. मुदत गुरुवारी तिथल्या संध्याकाळी पाचपर्यंत, म्हणजे आपल्या रात्री साडेआठपर्यंत. आणि दरपत्रक नोंदवलेल्या पत्त्यावरूनच यायला हवं, जीमेलवरून चालणार नाही, असा नियम.

"सतरा वर्षं या नावाने पत्रं जातायत. आत्ताच काय झालं?"

मी त्यांना माझ्या जीमेलवर आणि आउटलुकवर एकेक मेल करायला सांगितलं. दोन्हीकडे थेट स्पॅममध्ये. जीमेलमध्ये मेलचा मूळ मजकूर उघडून बघता येतो, त्यात वरच निकालपत्रक असतं. एसपीएफ: कायमची चूक. डीकिम: नाहीच. डीमार्क: तेही नाही. तीन पेपर, तिन्हीत गचकलेलं कार्टं.

"हे काय असतं ते आधी सांग. मराठीत सांग," मॅडम म्हणाल्या.

सांगितलं. मेल पोचवायची जी पद्धत आजही चालते ती १९८२ साली जॉन पोस्टेल यांनी लिहून काढली. तेव्हा जाळ्यावरची माणसं मोजकी होती. पाठवणाऱ्याची ओळख पटवायची सोय त्या पद्धतीत ठेवलेलीच नव्हती. पोस्टकार्डावर कुणाचंही नाव घालून ते पेटीत टाकावं, तसं. पुढचं सगळं त्याला लावलेलं ठिगळ. एसपीएफ म्हणजे डोमेनच्या मालकाने डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेनच्या जाहीर नोंदवहीत, टांगलेली यादी: माझ्या नावाने टपाल टाकायची परवानगी या या सर्व्हरना. डीकिम म्हणजे लाखेची मोहोर. मेल निघताना सर्व्हर स्वतःजवळच्या गुप्त किल्लीने त्यावर ठसा उमटवतो, ठशाचा नमुना डीएनएसमध्ये जाहीर असतो, घेणारा पडताळून बघतो. आणि प्रत्येक मेलला पाकिटावरचा एक पत्ता असतो नि आतल्या पत्रावर छापलेला दुसरा. आपल्याला दिसतो तो आतला. डीमार्क विचारतो की यादीत किंवा मोहरेवर जे नाव पास झालं, ते आतल्या पत्रावरच्या नावाशी जुळतं का? न जुळल्यास काय करायचं, तेही मालकानेच लिहून ठेवायचं: सोडून द्या, बाजूला काढा किंवा परत फेका.

मॅडमनी क्षणभर विचार केला. "म्हणजे कर्ता आणि क्रियापद जुळलं पाहिजे. दोन्ही शब्द आपापल्या जागी बरोबर असले तरी भागत नाही."

इतक्या वर्षांत डीमार्कची याहून चांगली व्याख्या मी ऐकलेली नाही.

"आत्ताच का" याचं उत्तरही होतं. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहूने नियम आवळले. दिवसाला पाच हजारांवर (आकडा गूगलचा) मेल पाठवणाऱ्यांना तिन्ही गोष्टी सक्तीच्या, बाकीच्यांना एसपीएफ किंवा डीकिम यांपैकी एक तरी हवंच. मे २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टनेही मोठ्या पाठवणाऱ्यांना तीच अट घातली. मॅडम दिवसाला सहा-सात मेल पाठवतात, पण त्या आणि ते पाच हजारवाले एकाच गाळणीतून जातात.

आता डोमेनचं पॅनल उघडलं. एसपीएफच्या याद्या दोन निघाल्या. एक जुन्या होस्टिंगची, मी टाकलेली. दुसरी नव्या मेल सेवेची. दोन वर्षांपूर्वी मॅडमच्या बंगळुरूच्या भाच्याने मेल तिकडे हलवला तेव्हा त्याने टाकलेली. दोन्ही आपापल्या परीने बरोबर. पण एका डोमेनला एसपीएफची यादी एकच असावी लागते. फाटकावरच्या रखवालदाराच्या हातात दोन याद्या दिल्या तर तो एकही वाचत नाही, सगळ्यांनाच संशयाने बघतो. जुन्या होस्टिंगवरून आता मेल जातच नव्हता, तेव्हा माझी यादी पुसली.

डीकिमने अर्धा तास खाल्ला. मेल सेवेने २०४८ बिटांची किल्ली दिली, ती मी चिकटवली, तरी पास उमटेना. डीएनएसमध्ये मजकुराच्या एका तुकड्यात २५५ अक्षरंच मावतात. लांब किल्ली दोन तुकड्यांत द्यावी लागते. पॅनलने माझी किल्ली २५५ वर कापली होती आणि वर "जतन झाले" असा हिरवा शेराही दिला होता. असल्या हिरव्या शेऱ्यांवर माझा फार जुना राग आहे. दोन तुकडे करून घातली, मग झालं. शेवटी डीमार्कचं रेकॉर्ड सगळ्यात सौम्य धोरणाचं टाकलं, म्हणजे नुसतं बघा आणि अहवाल पाठवा. पहिल्याच दिवशी कडक धोरण लावलं की आपलेच मेल आपण परत फेकायला लावतो.

यादीची जुनी नक्कल मात्र इतरांकडे चार तास राहणार होती, रेकॉर्डवर तशीच मुदत घातलेली होती. म्हणून आमटी-भात झाला. जेवताना मेल आला की आली, यावर चर्चा. मी पुल्लिंगी म्हणतो, मॅडम स्त्रीलिंगी. जर्मनीत स्त्रीलिंगी, ऑस्ट्रियात नपुंसकलिंगीही चालतं, असं त्यांनी सांगितलं आणि विषय संपवला.

साडेतीनला पुन्हा चाचणी. एसपीएफ पास. डीकिम पास. डीमार्क पास. मी विजयी मुद्रेने इनबॉक्स उघडला. मेल नाही. स्पॅममध्ये होता, वर पट्टी: यापूर्वी स्पॅम ठरलेल्या संदेशांसारखा हा संदेश आहे.

खरं सांगतो, पोटात गोळा आला. मी लोकांना नेहमी सांगत आलो होतो की ही तीन रेकॉर्ड्‌स नीट लावा, बाकी काही करावं लागत नाही. ती तीन रेकॉर्ड्‌स एवढंच सिद्ध करतात की हा मेल मॅडमच्याच डोमेनचा आहे. ते डोमेन भल्या माणसाचं आहे की नाही, हा प्रश्न त्यांच्या कक्षेतच येत नाही. आता उलट पंचाईत होती. आधी शंका होती की हा मेल मॅडमचा नसावा. आता खात्रीने त्यांचाच होता, आणि तरी नको होता.

मेल सेवेचे सर्व्हर काळ्या यादीत आहेत का बघितलं. नव्हते. मग वेबमेल उघडून दोन ओळींचा साधा मेल केला: "नमस्कार, चाचणी." तो इनबॉक्समध्ये! मॅडमच्या लॅपटॉपवरच्या प्रोग्रॅममधून तोच मजकूर: स्पॅम. फरक शोधायला लागलो. फरक एकच, लॅपटॉपवरून जाणाऱ्या मेलखाली सही लागत होती. नाव, पदव्या, फोन, वेबसाइटचा दुवा, छोटा लोगो.

एकेक ओळ काढत पाठवत बसलो. लोगो काढला, स्पॅम. पदव्या काढल्या ("त्या कशाला काढतोस?"), स्पॅम. शेवटी वेबसाइटची ओळ काढली. इनबॉक्स. पुन्हा घातली, स्पॅम. तीनदा करून बघितलं.

त्यांची स्वतःची वेबसाइट. मी केलेली. उघडून बघितली तर व्यवस्थित: निळा मथळा, मॅडमचा फोटो, सेवांची यादी. मग गूगलमध्ये फक्त त्या डोमेनची पानं शोधली. शेकड्यांनी निघाली. मॅडमच्या आडनावाखाली पुरुषांच्या विशिष्ट तक्रारींवरच्या गोळ्या, स्वस्तात, बिनचिठ्ठीच्या.

मी लॅपटॉप जरा माझ्याकडे वळवला. मॅडमनी चष्मा लावला आणि परत स्वतःकडे वळवून घेतला. पहिलं पान शांतपणे वाचलं. "भाषांतर फार वाईट आहे," म्हणाल्या.

सगळ्या पानांच्या पत्त्यात एक शब्द सारखा होता: ओल्ड. २०१९ साली साइट नव्याने केली तेव्हा जुनी साइट, न जाणो लागली तर, म्हणून त्या नावाच्या फोल्डरात मीच हलवून ठेवली होती. साइट चालवणारं वर्डप्रेस त्या वर्षीचं, त्याच्या जोडण्या म्हणजे प्लगइन त्याहून जुने, त्यानंतर एकदाही अद्ययावत न केलेले. कुणीतरी त्या मागच्या दारातून शिरून दुकान मांडलं होतं. थेट त्या पत्त्यावर गेलं तर कोरं पान. गूगलवरून आलं तरच गोळ्या. स्पॅमहाउस म्हणून बदनाम डोमेनांची यादी ठेवणारी संस्था आहे, तिच्या यादीत बघितलं तर नोंद होती, वर्गवारीसकट: डोमेन मूळचं सरळ, पण त्याचा गैरवापर झालेला. गूगल कुणाचं ऐकून ठरवतं हे ते सांगत नाही, पण कारण वेगळं असेल असं मला वाटत नाही.

मॅडमना सांगितलं. चूक माझी आहे, असंही सांगितलं. त्या काही बोलल्या नाहीत, उठून चहा टाकायला गेल्या. ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

साडेचार ते साडेसहा साफसफाई. ओल्ड फोल्डर उडवला. चालू साइटच्या फोटोंच्या फोल्डरात दोन पीएचपी फाइली, म्हणजे सर्व्हरवर चालणारे प्रोग्रॅम, लपवलेल्या निघाल्या. फोटोंमध्ये पीएचपीचं काय काम? एक अनोळखी अ‍ॅडमिन निघाला. सगळे पासवर्ड बदलले आणि स्पॅमहाउसच्या यादीतून नाव काढण्याचा अर्ज भरला. त्याला किती वेळ लागतो ते आपल्या हातात नसतं, आणि गूगलच्या मनातून उतरलेलं डोमेन परत वर चढायला तर आठवडे जातात.

म्हणून दरपत्रक साध्या मजकुरात पाठवायचं ठरलं. सही फक्त नाव आणि फोन. एकच पीडीएफ. विषयाच्या ओळीत त्यांचा चौकशी क्रमांक. "तातडीचे" हा शब्द मी खोडला. सात वाजून दहा मिनिटांनी मेल गेला आणि मी मॅडमना म्हटलं, आता फोन करा.

"फोनच करायचा होता तर दिवसभर काय केलंस?"

त्यांनी स्पीकर लावला. पलीकडच्या बाईंचं जर्मन मला निम्मं कळलं. नवा मेल आला होता, इनबॉक्समध्येच. आधीचे तीन त्यांच्या आयटी विभागाने अडवून ठेवले होते, ते उद्या सोडवून घेऊ म्हणाल्या. मॅडमनी आपला पत्ता संपर्कांत घालून ठेवायला सांगितलं, आभार मानले, तिथल्या उकाड्याची चौकशी केली आणि फोन ठेवला.

"किती द्यायचे तुला?"

"काही नाही, मॅडम."

"बरं," म्हणाल्या. त्यांनी आग्रह केला नाही, ते मला समजलं.

रात्री घरी येऊन माझ्याकडे सांभाळायला असलेल्या बाकीच्या साइट उघडल्या. एकूण चौदा. चार ठिकाणी ओल्ड फोल्डर होता. एका दंतवैद्यांच्या साइटवर तर दोन होते. दुसऱ्याचं नाव मी ठेवलं होतं, ओल्ड-फायनल.

तो आधी उडवला.