प्राग: चढावरचं हॉटेल, चार चाकांची बॅग आणि एटीएमचं हिरवं बटण

हॉटेलच्या माहितीत लिहिलं होतं, 'किल्ल्यापासून चालत पाच मिनिटं, ट्रामच्या थांब्यापासून सहाशे मीटर.' दोन्ही खरं निघालं. पण ते सहाशे मीटर म्हणजे सगळा चढ आहे, रस्ता दगडी आहे आणि किल्ल्याची पाच मिनिटं म्हणजे जिना आहे, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. नकाशावर अंतर दिसतं, चढ दिसत नाही. मे २०२५ मध्ये मी आणि ताई चेक प्रजासत्ताकाच्या राजधानीला, प्रागला, जाऊन आलो. या उन्हाळ्यात जाणाऱ्यांचे आमच्यासारखे हाल होऊ नयेत म्हणून हे लिहिते आहे.

व्हिसाबद्दल थोडक्यात. शेंगेन व्हिसाची (युरोपातल्या बहुतेक देशांना चालणाऱ्या एकाच व्हिसाची) फी जून २०२४ पासून ९० युरो झाली आहे, विमा किमान ३० हजार युरोंचा लागतो. मुंबईतल्या केंद्राची अपॉइंटमेंट हातात आल्याशिवाय विमानाची तिकिटं काढू नका. कागदपत्रं नीट असतील तर बाकी काही अवघड नाही.

आता ती संध्याकाळ. विमानतळावरून ५९ नंबरची ट्रॉलीबस वेलेस्लाव्हीन स्टेशनला नेते, तिथून हिरवी मेट्रो लाइन, चौथं स्टेशन मालोस्त्रान्स्का. इथवर सगळं सुरळीत. ट्रॉलीबस बघून बाबांची आठवण आली. मुंबईत बेस्टच्या ट्रॉलीबस १९६२ ते १९७१ धावल्या, बाबांनी गोवालिया टँकला त्या पाहिल्या आहेत. फोन करून सांगितलं तर म्हणाले, 'ट्राममध्ये बसलात की परत फोन कर.' दादर टीटीमधला टीटी म्हणजे ट्राम टर्मिनस, हे ते अजून प्रत्येक पाहुण्याला सांगतात.

बाबांना फोन करायचं त्राण मात्र ट्राममधून उतरल्यावर उरलं नाही. मालोस्त्रान्स्का स्टेशनबाहेर २२ नंबरची ट्राम घेतली आणि एक थांबा पुढे, मालोस्त्रान्स्के नामेस्ती या चौकात उतरलो. तिथून नेरुदोव्हा गल्ली सुरू होते. रुंदी आपल्या गिरगावातल्या जुन्या गल्लीएवढी, दोन्ही बाजूंना तीनशे वर्षांपूर्वीची घरं, आणि खाली दगड. चेक लोक या दगडांना 'मांजराची डोकी' म्हणतात, आणि तसेच ते असतात: वर फुगलेले, घासून गुळगुळीत झालेले, मध्ये बोटभर फटी. आम्हा दोघींकडे दादरला घेतलेल्या चार चाकांच्या, कडक कवचाच्या बॅगा होत्या. ढकलल्या तर फटीत चाक अडकून बॅग आडवी. ओढल्या तर एवढा खडखडाट की वरच्या खिडकीतून एका बाईंनी डोकावून पाहिलं. मग उचलून. माझी बॅग बावीस किलोंची होती.

त्यात घरनंबरांचा घोळ. प्रागमध्ये प्रत्येक घरावर दोन पाट्या असतात, एक लाल आणि एक निळी. लाल पाटी म्हणजे त्या भागातल्या नोंदणीचा नंबर, निळी म्हणजे रस्त्यावरचा नंबर. पत्त्यात तीन आकडी नंबर, मग तिरकी रेघ, मग दोन आकडी नंबर असं लिहिलेलं असतं. आपण शोधायचा तो निळा, म्हणजे रेघेनंतरचा. आम्ही लाल पाट्या वाचत चढत गेलो. ते नंबर ओळीने नसतातच, त्यामुळे पुढे जावं की मागे हे कळेना. हॉटेलचं दार ओलांडून आम्ही जवळजवळ गल्लीच्या टोकाला पोचलो होतो, तिथून परत खाली आलो. खाली येताना माझ्या बॅगेचं मागचं डावं चाक तुटलं. चाक आणि त्याचं प्लास्टिकचं घर, दोन्ही एकदम निखळून दगडावर पडलं. ताई म्हणाली, 'अगं, ते उचल, दुरुस्तीला लागेल.' मी उचललं आणि स्वेटरच्या खिशात ठेवलं. हॉटेलात तिसरा मजला, लिफ्ट नाही. त्या रात्री आम्ही न जेवता झोपलो.

दुसऱ्या दिवशी कळलेली गोष्ट. त्या भागात राहणार असाल तर चौकात उतरूच नका. तीच २२ नंबरची ट्राम, पण उलट दिशेची, किल्ल्याच्या मागून वर चढते. प्राझ्स्की ह्राद म्हणजे किल्ल्याचा थांबा सोडून पुढे पोहोर्झेलेत्सला उतरायचं आणि उव्होझ नावाच्या रस्त्याने खाली चालत यायचं. उव्होझ पुढे नेरुदोव्हालाच मिळतो. दगड तेच, पण उतार. पंधरा मिनिटं जास्त लागतील, लागू देत. आणि खरं सांगायचं तर सामान घेऊन त्या बाजूला राहूच नका. नदीपलीकडे विनोह्रादी भागात ट्रामच्या थांब्याला लागून खोल्या मिळतात, तिथे राहा आणि किल्ला बघायला रिकाम्या हाताने या. किल्ल्यातलं संत व्हिटसचं कॅथेड्रल बांधायला सुरुवात झाली १३४४ मध्ये आणि पुरं झालं १९२९ मध्ये, ते कुठे पळून जात नाही.

बॅगेबद्दल माझं मत आता पक्कं आहे. मध्य युरोपातल्या जुन्या गावांत चार चाकांची बॅग नेऊ नये. दोनच चाकं असलेली, चाकं मोठी, रबरी आणि अर्धी बॅगेच्या अंगात बसलेली, अशी बॅग घ्या किंवा सरळ पाठीवरची सॅक. दुकानात कवच वाकवून दाखवतात, ते बघू नका. बॅग उलटी करा आणि चाक कशाने धरलंय ते बघा.

दुसरा फटका एटीएमचा, आणि तो मला चढापेक्षा जास्त लागला. विमानतळावर उतरल्या उतरल्या मी सहा हजार कोरुना, म्हणजे चेक चलन, काढले. यंत्राने पडद्यावर रुपयांत रक्कम दाखवली आणि खाली दोन बटणं. एक मोठं हिरवं, 'रूपांतर स्वीकारा' अशा अर्थाचं. दुसरं कोपऱ्यात, राखाडी, 'रूपांतराशिवाय पुढे जा'. रात्रभराचा प्रवास, मागे रांग, मी हिरवं दाबलं. त्या दिवशी एक कोरुना म्हणजे साधारण ३ रुपये ८५ पैसे, म्हणजे २३ हजार १०० रुपये व्हायला हवे होते. खात्यातून गेले २६ हजार ८००. शिवाय बँकेची फी आणि त्यावर जीएसटी. एका बटणाचे ३ हजार ७०० रुपये! हॉटेलात बसून हिशेब केला तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं. एवढ्या पैशात महिन्याची भाजी येते.

हा प्रकार असा चालतो: तुमचं कार्ड भारतातलं आहे हे यंत्र ओळखतं आणि तुमच्या बँकेऐवजी स्वतःच्या दराने रुपये लावतं. त्या दरात त्याचा नफा असतो. राखाडी बटण दाबलं तरी पैसे मिळतातच, व्यवहार रद्द होत नाही, फक्त दर तुमच्या बँकेचा किंवा कार्डाच्या नेटवर्कचा लागतो. दुकानात कार्ड फिरवतानाही हाच प्रश्न येतो, 'रुपये की कोरुना?' कायम कोरुना. एका हॉटेलात वेटरने आम्हाला न विचारताच रुपये निवडले. मी तिथेच ती पावती रद्द करायला लावली आणि पुन्हा कोरुनात घ्यायला लावलं. लाजू नका. एटीएम वापरायचंच असेल तर बँकेच्या शाखेच्या भिंतीतलं वापरा, फिरत्या पर्यटकांच्या वाटेवरचं नको. आणि मुळात एवढी रोकड लागतच नाही. ट्राममध्येसुद्धा मधल्या दाराजवळ कार्ड टेकवून तिकीट निघतं. दोघींना पाच दिवसांत हजार-बाराशे कोरुना पुरले असते, मुख्यतः स्वच्छतागृहांच्या नाण्यांसाठी.

ताईकडे जुन्या प्रवासातले दोनशे युरो होते. चौकातल्या पैसे बदलायच्या एका काउंटरवर '० टक्के कमिशन' अशी पाटी, मोठा आकडाही ठीक दिसत होता. तो आकडा ते युरो विकतात त्या दराचा होता, आपल्याकडून युरो घेतात तो दर बारीक अक्षरात. हातात ३ हजार ५०० कोरुना आले, खरे जवळजवळ पाच हजार यायला हवे होते. पण मी निघण्यापूर्वी वाचून गेले होते: २०१९ पासून चेक कायद्याने हजार युरोंपर्यंतचा असा व्यवहार तीन तासांच्या आत, त्याच काउंटरवर, पावती दाखवून फुकट रद्द करता येतो. अर्ध्या तासात आम्ही परत गेलो. खिडकीतल्या माणसाने आधी मान हलवली. मी पावतीवरच्या वेळेवर बोट ठेवून उभी राहिले. हललेच नाही. त्याने दोनशे युरो मोजून परत दिले. त्या दिवशी संध्याकाळी आम्ही चार्ल्स पूल दोनदा पार केला, पाय दुखत होते तरी. पावती जपून ठेवा, एवढंच.

खाण्याचं. जुन्या शहराच्या चौकातल्या गाड्यांवर भाव शंभर ग्रॅमचा लिहिलेला असतो आणि वाढणारा डावाने हवं तेवढं वाढतो. बटाट्याच्या गोळ्यांचे हालुश्की आम्ही मागितले, दोन ताटल्यांत सातशे तीस ग्रॅम भरले, भाव शंभराला ९० कोरुना. साडेसहाशे कोरुना, म्हणजे अडीच हजार रुपये, उभ्याने खायचे. वाढायच्या आधी 'द्व्ये स्त्ये ग्रामू' म्हणा, म्हणजे दोनशे ग्रॅम. शाकाहारी असाल तर 'बेझ मासा' शिकून जा. आपल्या कानाला मासा ऐकू येतो, पण चेकमध्ये मासो म्हणजे मांस. हालुश्कीत बेकनचे तुकडे टाकायची पद्धत आहे, त्याला 'स्लानिना' म्हणतात, तोही नको म्हणून सांगा. घरून न्यायचं तर मेतकूट, चिवडा, खाकरे न्या. तूप, पेढे, श्रीखंडाच्या वड्या नेऊ नका, युरोपीय संघात बाहेरून दूध-मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे.

तिकिटाला एकदाच ठसा मारायचा. स्टेशनात आणि ट्राममध्ये पिवळी यंत्रं असतात, पूर्वी आपल्या लोकलच्या कूपनला ठसा मारायची असायची तशी. तीन दिवसांचं तिकीट पहिल्या प्रवासात छापलं की परत घालायचं नाही, दुसऱ्या ठशाने ते बाद होतं. ताईचा हात दुसऱ्या दिवशी यंत्रापर्यंत गेलाच होता. तपासनीस साध्या कपड्यांत असतात.

ते सगळ्या देशांचं म्हणून मिळतं ते चौकोनी ॲडॅप्टर इथे निरुपयोगी. चेक सॉकेट म्हणजे गोल खोलगट वाटी आणि तिच्यातून अर्थिंगची पिन बाहेर आलेली. चौकोनी ठोकळा वाटीत शिरतच नाही. तोंड चपटं, निमुळतं असलेला दोन पिनांचा फोनचा चार्जर थेट बसतो. लॅपटॉपच्या तीन पिनांसाठी मात्र त्या पिनेला भोक असलेला गोल ॲडॅप्टर हवा. बूट जाड तळव्याचे न्या. पातळ तळव्याच्या कॅनव्हासमधून प्रत्येक दगड जाणवतो. पावसासाठी लोकलमध्ये विकतात तो घडीचा प्लास्टिक रेनकोट पुरतो.

चेस्की क्रुम्लोव्ह या चेकमधल्याच जुन्या गावात दोन दिवस होतो. छान होतं, काहीच बिघडलं नाही.

परत आल्यावर ते चाक घेऊन दादर पश्चिमेला बॅगा दुरुस्त करणाऱ्या काकांकडे गेले. त्यांनी चिमट्याने आतली दांडी बाहेर काढली. दाभणापेक्षा थोडी जाड, एका टोकाला वाकलेली, आणि तिच्यावर चार बारीक स्क्रू फक्त प्लास्टिकमध्ये रोवलेले. 'ताई, हे विमानतळाच्या फरशीसाठी असतं,' म्हणाले. चारही चाकं बदलायचे साडेचारशे रुपये सांगितले. मी बदलून घेतली, बॅग आता नाशिकला जायला वापरते. ताई ऑक्टोबरमध्ये पोलंडमधल्या क्राकोला चालली आहे, तिच्यासाठी त्यांच्याकडूनच दोन रबरी चाकांची बॅग बघून ठेवली आहे, दांडी करंगळीएवढी जाड.