उन्हाळ्यात खारघरला गेलेल्या पोरांचं पुढं काय झालं?

कॉलेजच्या मूल्यांकनाच्या फॉर्ममध्ये एक रकाना असायचा : संशोधन प्रशिक्षणाला गेलेले विद्यार्थी आणि त्यांची पुढील प्रगती. मी प्राणिशास्त्र शिकवत होते तेव्हा तो भरायचं काम माझ्याच गळ्यात पडायचं. ‘एमएस्सीला प्रवेश’ लिहिलं की विषय संपला, कारण उत्तर पुढच्या एका वर्षापुरतंच हवं असायचं. दोन महिने कॅन्सरच्या पेशी वाढवायला शिकून आलेली पोरगी वर्षभरात करणार काय? परीक्षा देणार!

निवृत्तीनंतर हाताशी वेळ होता, म्हणून या जुन्या मुलामुलींना फोन लावायला बसले. काहीजण टाटा मेमोरियल सेंटरच्या खारघरच्या ॲक्ट्रेक या कर्करोग संशोधन केंद्रात गेलेले, काही विज्ञान अकादमींच्या उन्हाळी फेलोशिपवर बेंगळुरूला. बहुतेकांच्या घरात प्रयोगशाळा पाहिलेलं तेच पहिलं माणूस.

शोधण्यातच निम्मा जीव गेला. पबमेडवर, म्हणजे वैद्यकीय पेपर शोधायच्या वेबसाइटवर, ‘पाटील एस. एस.’ टाकून बघा, सगळा महाराष्ट्र समोर येतो. मुलींचं तर लग्नानंतर आडनावच बदलतं. आधीचा पेपर एका नावावर, नंतरचा दुसऱ्या. २०१२ पासून ऑर्किड नावाचा संशोधकाचा कायमचा क्रमांक मिळतो हे खरं, पण तो काढतं कोण? जो संशोधनात टिकलाय तोच. मग सापडतात ते टिकलेलेच, आणि आपण छाती काढून सांगतो की आमची पोरं टिकली. माझ्या कामी आले ते जुन्या अर्जांवरचे वडिलांचे नंबर. ‘ताई पुण्याला असत्यात, देतो की नंबर,’ असं कुणीतरी सांगायचंच.

एकजण सांगलीच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये बायोप्सीच्या स्लाइड करतो. एक हिंजवडीत औषधांच्या क्लिनिकल ट्रायलचा डेटा तपासते, पगार माझ्या शेवटच्या पगारापेक्षा बराच जास्त. एक एमपीएससी देऊन राज्याच्या जीएसटी (पूर्वीच्या विक्रीकर) खात्यात. ‘मॅडम, आता कसला कॅन्सर आन् कसलं काय, गुऱ्हाळ बघतोय मी,’ असं सांगणारा करवीर तालुक्यातला एक. पीएचडी झालेले आहेत, पण बोटावर मोजण्याइतके.

इचलकरंजीच्या एकीशी मात्र फोन लांबला. ती नोकरी करत नाही. सासूबाई वर्षानुवर्षं मिश्री लावायच्या. गालाच्या आत पांढरा चट्टा हिला दिसला, आणि घरच्यांनी ‘उष्णतेचं असंल’ म्हणत टाळलं तरी हिनं तपासणी करवून घेतली. कॅन्सर नव्हता, पण मिश्री सुटली. फॉर्मला ही बाई ‘प्रगती : निरंक’ अशीच दिसणार. तरी या गोष्टीचं श्रेय मी लगेच प्रशिक्षणाला द्यायला तयार नाही. ती पोरगी पहिल्यापासूनच चिकाटीची होती. डिसेक्शनला शेवटपर्यंत टेबल न सोडणारी. खारघरला गेली नसती तरी तिनं सासूला नेलंच असतं, असं मला वाटतं.

खरी मेख इथंच आहे. आपण आधी हुशार, धडपडी पोरं निवडतो, मग ती पुढं गेली की प्रशिक्षणाची पाठ थोपटतो. अर्ज करून ज्यांची निवड झाली नाही, त्यांचं काय झालं हे कोणी विचारतं का? मी विचारलं, तेही ज्यांची नावं आठवली त्यांनाच. त्यातली एक आज परदेशात स्तनाच्या कर्करोगावर पोस्टडॉक (पीएचडीनंतरचं संशोधन) करते आहे. ‘बरं झालं मॅडम, तेव्हा नाही मिळालं, त्या सुट्टीत परदेशी प्रवेशाची जीआरई परीक्षा केली,’ म्हणाली आणि खळखळून हसली.

अमेरिकेत एनआयएच या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेची पीएचडी आणि त्यापुढच्या प्रशिक्षणाची अनुदानं घेणाऱ्यांना जुन्या विद्यार्थ्यांची १५ वर्षांपर्यंतची माहिती तक्त्यात द्यावी लागते. कोण कुठं आहे, संशोधनात आहे का, सगळं. आपल्या एका वर्षापुढं हे केव्हाही बरं. पण निवड न झालेल्यांशी तुलना नसेल तर १५ वर्षांचा तक्ताही अर्धंच सांगतो. आणि ही तुलना काही परक्या देशातली गोष्ट नाही. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीचा मोठा प्रयोग झाला. ५२ गावसमूह, सव्वा लाखाहून जास्त बायका, तीन प्रकारच्या तपासण्या आणि चौथा गट तुलनेसाठी नेहमीच्याच सोयींवर ठेवलेला (यावर पुढं बराच वाद झाला, तो वेगळा विषय). आठ वर्षं पाठपुरावा केला तेव्हा कुठं २००९ साली सांगता आलं की एचपीव्ही (हा कर्करोग घडवणारा विषाणू) तपासणी एकदा केली तरी मृत्यू जवळपास निम्म्यावर येतात. पहिल्याच वर्षी मोजलं असतं तर हाती काय लागलं असतं?

कोल्हापूरकरांना वर्षांचं गणित खरं तर मी सांगायला नको. शाहू महाराजांच्या आश्रयानं इथं बोर्डिंगं उभी राहिली. त्यातल्या जैन बोर्डिंगात कुंभोजचा एक मुलगा होता. तिथून त्याला काढून टाकलं, मॅट्रिकही झाला नाही. बोर्डिंगच्या निकालपत्रकात हे नाव नापासांत गेलं असणार. १९१९ साली भाऊराव पाटलांनी काले गावात रयत शिक्षण संस्था काढली. तरी प्रत्येक नापासामागं भाऊराव दडलाय असं म्हणून प्रशिक्षणं चालवता येत नाहीत. पैसे देणारा हिशेब मागणारच, आणि मागावाच.

म्हणून माझ्या जुन्या विभागाला मी एक साधी वही घालून दिली आहे. निवड झाली नाही त्यांचीही नावं त्यात, अर्जाच्या दिवशीच लिहायची. मुलींचं माहेरचं नाव पक्कं, घरचा एक नंबर. पाचव्या आणि दहाव्या वर्षी फोन, आणि पहिला प्रश्न ‘कुठं नोकरी?’ हा नाही, ‘सध्या काय चाललंय?’ हा. आताच्या विभागप्रमुखांनी वही ठेवून घेतली आहे. फोन कोण करणार, यावर मात्र त्यांच्याकडं अजून उत्तर नाही. बिनपगारी माणूस हवा असेल तर मी राजारामपुरीतच असते, असं सांगून आले आहे.