चिठ्ठीत काय लिहू?

निकालाच्या आदल्या रात्री साडेअकराला मी जमिनीवर फतकल मारून ३८ पेन्सिलींना ३८ चिठ्ठ्या बांधत बसलेली असते आणि दरवर्षी घरातलं कोणीतरी पाणी प्यायला उठतं, दारात उभं राहून माझ्याकडे बघतं आणि म्हणतं, "पुढच्या वर्षी नको गं करूस हे." मी म्हणते, हो. पुढच्या वर्षी परत तीच जमीन, तोच दोरा आणि तोच माणूस पाणी प्यायला उठलेला.

प्राथमिकचे वर्ग घेणाऱ्या बऱ्याच जणींना (आणि सरांनाही, पण ते कबूल करत नाहीत) ही खोड असते. वर्ष संपताना मुलांच्या हातावर काहीतरी ठेवायचं. काहीतरी म्हणजे अगदीच काहीतरी, पेन्सिल, खोडरबर, बुकमार्क, एखादं स्टिकर. कोणी सांगितलेलं नसतं, कुठल्या परिपत्रकात नसतं, पैसे आपल्याच पर्समधले जातात, आणि वर प्रगतिपुस्तकं भरायची कामं डोक्यावर असतात ती वेगळीच. तरी आपण करतो. शेजारच्या वर्गाला मिळालं आणि आपल्या वर्गाला नाही मिळालं तर मुलांची तोंडं बघवत नाहीत, हेही त्यातलं एक कारण आहेच, उगाच कशाला खोटं बोलू.

सुरुवातीला मला वाटायचं की वस्तू भारी हवी. एका वर्षी डायनासोरच्या आकाराचे खोडरबर दिले. दिसायला इतके गोड, पण खोडायला गेलं की काळा फराटा आणि कागद फाटलेला, म्हणजे जे एक काम त्याने करायचं तेच त्याला येत नव्हतं. मुलांची काही तक्रार नव्हती, त्यांनी खोडायला घेतलेच नव्हते मुळी, लढाया लावल्या त्यांच्या. पण मला आपलं वाटत राहिलं की शिकवणाऱ्या बाईने न खोडणारा खोडरबर द्यावा म्हणजे काय.

म्हणून पुढच्या वर्षी शहाणपणा केला. साधा पांढरा चांगला खोडरबर आणि पारदर्शक प्लॅस्टिकची पट्टी अशी जोडी, रबरबँड लावून. ऐनवेळी धावपळ नको म्हणून तीन आठवडे आधीच सगळ्या जोड्या करून कपाटात ठेवल्या, आणि छान दिसावं म्हणून खोडरबरावरचं कागदाचं वेष्टणही काढून टाकलं. निकालाच्या आदल्या दिवशी बघते तर खोडरबर पट्ट्यांना असे चिकटलेले की जणू जन्मतःच एक होते. एक ओढून काढला तर पट्टीवर चौकोनी खड्डा आणि पाच ते आठ सेंटिमीटरचे आकडे गायब! नंतर कळलं की असे खोडरबर पीव्हीसीचे असतात, ते मऊ राहावेत म्हणून त्यात एक तेलकट द्रव्य घालतात, आणि दुसरं कडक प्लॅस्टिक चिकटून राहिलं की ते द्रव्य हळूहळू त्यात झिरपून त्यालाही मऊ करून टाकतं. ते कागदाचं वेष्टण म्हणजे नुसती शोभा नाही, ही चिकटाचिकटी थोपवायलाही ते असतं. आणि मी नेमकं तेच काढलं होतं.

रात्री दुसरं काही आणणं शक्य नव्हतं, तशाच वाटल्या. एक मुलगा ती वस्तू उलटीसुलटी करत म्हणाला, "टीचर, ही पट्टी खोडते पण!" आणि मग सगळ्या वर्गात तीच हवा. गंमत म्हणजे पेन्सिलीच्या टोकाला खोडरबर बसवायची कल्पना हायमन लिपमन नावाच्या माणसाने अमेरिकेत १८५८ साली पेटंट करून घेतली होती, आणि १८७५ साली तिथल्या सुप्रीम कोर्टाने ते पेटंट रद्दबातल ठरवलं, का तर म्हणे दोन जुन्या वस्तू नुसत्या एकमेकींना जोडल्या म्हणून काही नवा शोध होत नाही. माझ्या वर्गाने कोर्टापेक्षा मोठं मन दाखवलं.

तेव्हापासून फक्त पेन्सिल. वाद नाही.

पण ही पेन्सिल बक्षीस नव्हे, आणि हे मी मुलांना, पालकांना आणि मुख्य म्हणजे स्वतःला सारखं सांगत असते. वर्षभर आपण मुलांना काही ना काही कमवायला लावतोच ना, शेरे, स्टार, टाळ्या, "आज कोण शहाण्यासारखं बसलं होतं?" वगैरे. १९७३ साली लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांचा एक प्रयोग छापून आला. तीन ते पाच वर्षांची ५१ मुलं, सगळी स्केचपेनने चित्रं काढायची आवड असलेली. काहींना आधीच कबूल केलं की चित्र काढलंत तर सोनेरी स्टारचं सर्टिफिकेट मिळेल, काहींना न सांगता अचानक दिलं, काहींना काहीच नाही. एक-दोन आठवड्यांनी बघितलं तर कबूल करून दिलेली मुलं मोकळ्या वेळात बाकीच्यांच्या साधारण निम्माच वेळ चित्रं काढत होती. अचानक मिळालेल्यांची आवड मात्र जशीच्या तशी. हे वाचल्यावर मी ठरवलं की आपण काही बोलायचंच नाही आधी, शेवटच्या दिवशी गुपचूप काढायचं. पण गुपित राहतंय कसलं, प्रत्येकाला मेला एक दादा नाहीतर ताई असते. जूनपासून विचारणा सुरू, "टीचर, दादाला निळी पेन्सिल दिली होती, आम्हाला कुठली?"

पालकांचं वेगळंच. एवढीशी पेन्सिल घरी गेली की रात्री मेसेज येतो, "टीचर, अहो आम्हीच काहीतरी द्यायला हवं होतं." १९२५ साली मार्सेल मॉस या फ्रेंच अभ्यासकाने लिहून ठेवलंय की भेट कधी फुकट नसते, देणं आलं की घेणं आलं आणि घेतलं की परतफेड आली. मोठ्यांना हे न वाचताही पाठ असतं. मुलांना नसतं. ती पेन्सिल घेतात, थँक्यू म्हणायचं विसरतात आणि "तुझी कुठली, तुझी कुठली" करत पळतात, आणि मला ते फार आवडतं.

तर पेन्सिल सोपी आहे. खरं दुखणं चिठ्ठीचं.

आधी मी सगळ्यांना एकच लिहायचे, "खूप शिक, खूप मोठा हो" आणि मुलींना "मोठी हो". एका वर्षी एका पोरीने आजूबाजूच्या चार चिठ्ठ्या वाचल्या आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "टीचर, तुम्ही सगळ्यांना तेच लिहिलंय." तक्रारीच्या सुरात पण नाही हो, गणिताचं उत्तर सांगावं तसं. त्या दिवसापासून प्रत्येकाला वेगळी चिठ्ठी. मग मुलं शब्द मोजायला लागली. "माझ्यात सात, तिच्यात अकरा." मग मी पण मोजायला लागले. सगळ्यांना दहाच्या आसपास, आहे काय नि नाही काय.

हजेरीपटाच्या क्रमाने लिहायला बसते. दंगेखोर पोरांच्या चिठ्ठ्या तर पेन टेकायच्या आत तयार असतात. "यंदा तीनदा माझा डस्टर लपवलास आणि तिन्ही वेळा तूच शोधून दिलास." हुशार मुलांचंही सोपं, रडक्यांचंही सोपं, सतत पोटात दुखतं म्हणणाऱ्याचं तर फारच सोपं. आणि मग, चारेक वर्षं झाली असतील, क्रमांक २३ ला माझं पेन थांबलं.

चेहरा समोर होता. भिंतीकडच्या रांगेत तिसरा बाक. गैरहजेरी जवळजवळ नाही, अक्षर बरं, मार्क मधले, कुणाची चुगली नाही, कुणी तिची केली नाही. पण सांगायला एक गोष्ट आठवेना. प्रगतिपुस्तक काढून बघितलं, दोन्ही सत्रांत माझ्याच अक्षरात शेरा, "शांत व नियमित." पुढची पानं उलटली तर तोच शेरा आणखी चौघांना. घरातलं माणूस पाणी पिऊन परत झोपायला गेलं, मी चिठ्ठी बाजूला ठेवून २४ ते ३८ पूर्ण केले आणि परत २३ वर आले. वर्षभर ती माझ्यासमोर होती, दिवसाला पाच तास. बाकीच्यांच्या आवाजात तिचा आवाजच ऐकू आला नव्हता, आणि शांत मुलगी म्हणजे काळजी नाही, असा सोयीचा हिशोब मी केला होता. वाईट वाटायलाही वेळ नव्हता, दीड वाजला होता.

शेवटी एक आठवलं. दुपारच्या शेवटच्या दोन तासांना सगळ्यांच्या बाटल्या रिकाम्या असतात, "टीचर, पाणी पिऊन येऊ?"ची रांग लागते, आणि हिच्या बाकावर बाटली काठोकाठ. रोज. शेजारच्या दोघी-तिघी हिचीच पितात. लिहिलं, "तुझी पाण्याची बाटली कायम भरलेली असते. कशी, ते मला कळलंच नाही." मोजले, अकरा शब्द. पण ही काय चिठ्ठी झाली, असंही वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी तिने ती उभ्याउभ्या वाचली. परत वाचली. घडी घालून कंपासपेटीत तळाला, पट्टीखाली ठेवली आणि काही न बोलता गेली.

आता मी एक वही ठेवते. मुलागणिक एक पान, आठवड्याला एक ओळ, काहीही, "आज मोज्यांचे रंग वेगळे होते" एवढंही चालतं. पहिल्या महिन्याअखेर वही चाळली की कुठली पानं कोरी आहेत ते दिसतं, आणि दरवर्षी सहा-सात तरी असतातच, भिंतीकडचीच बहुतेक. मग पुढच्या महिन्यात मी मुद्दाम तिकडच्या बाकांवर जाऊन बसते. मुलांना ते अजिबात आवडत नाही. वहीचा हा कारभार मधल्या सुट्टीत चालतो, स्टाफरूममध्ये, तपासायच्या वह्यांच्या ढिगाआड, तीच काय ती निवांत वेळ.

ती २३ नंबरची पुढच्या वर्गात वरच्या मजल्यावर गेली. शाळा सुरू होऊन दोनेक आठवडे झाले असतील, मी फळ्यावर लिहीत होते, मुलं म्हणाली, "टीचर, कोणीतरी आलंय." दारात ही उभी, हातात बाटली, काठोकाठ भरलेली, झाकणावरून थेंब गळत होते. मला वाटलं काही निरोप आणलाय.

"टीचर, ते तुम्ही विचारलं होतं ना," ती म्हणाली, "मधल्या सुट्टीत सगळे खेळायला जातात, तेव्हा नळावर कोणीच नसतं."