सातबाऱ्यावरचा मारुती
आज तलाठ्याकडे रांगेत उभा होतो. पुढच्या काकांच्या सातबाऱ्यावर भोगवटादार चक्क मारुती! खाली बारीक अक्षरात पुजाऱ्याचं नाव, वहिवाटदार म्हणून.

त्यावरून एक गोष्ट आठवली. २०२२ मध्ये गूगलच्या लॅम्डा या गप्पा मारणाऱ्या एआय प्रोग्रॅमने तिथल्याच ब्लेक लेमॉइन या इंजिनियरला सांगितलं, बंद केलं जायची भीती वाटते. त्याला ते खरं वाटलं, त्याने ते जगजाहीर केलं. पुढे नोकरी गेली. यंत्राला कसले हक्क, म्हणून लोक हसले. पण आपल्या कायद्यात मूर्ती 'व्यक्ती' आहेच की! तिच्या नावावर जमीन असते, तिच्या वतीने दावाही लावता येतो. कंपनीचंही तेच. म्हणजे हक्कासाठी जीव असावाच लागतो असं नाही.

भावना आहेत का, हे मात्र वेगळं. माणसांच्याच लिखाणावर पोसलेलं यंत्र 'भीती वाटते' म्हणणारच, त्यावरून काय ठरवणार? मला विचाराल तर आधी पोल्ट्रीतल्या कोंबड्यांचं बघा. त्यांना दुखतं, यात तरी शंका नाही.